रुखवतातली काळी भुई

आमच्या जालना जिल्ह्याची जमीन पायांनी तुडवणारे पुष्कळ आहेत, पण ती डोळ्यांनी जेवणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे मंठ्याचे व्याही. माझ्या सुनेचे वडील. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत बांधबंदिस्तीचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर नकाशांवरची गावांची नावं गळाली, रेघा तेवढ्या उरल्या, आणि व्याही त्यांनाच चित्र म्हणू लागले. भेगाळलेली काळी जमीन, उसाच्या सऱ्या, ओसरत्या गोदावरीनं वाळूवर सोडलेल्या वळ्या. चित्रात माणूस नाही, झाड नाही, देवसुद्धा नाही. कापड तंबूचं आणि रंग दारं-खिडक्यांना देतात तो. नांगरलेलं रान दिसलं की भरलेली जीप थांबवून उतरायचे. विहीणबाई सदरा धुवायला घेण्याआधी खिशातली ढेकळं काढायच्या. एकदा आमच्या शेतात ते पालथे पडलेले पाहून गडी ओरडत आला, "मालक, पाव्हण्याला चक्कर आली!" मी धावलो. व्याह्यांनी मानही उचलली नाही. "चक्कर न्हाई बाबा, भेग बघून राह्यलो. जरा बाजूला व्हा, उजेड अडला."

लेकीच्या रुखवतात तांब्या-पितळेच्या भांड्यांमागं त्यांनी दहा हात लांब चित्र टांगलं. सगळं काळं, मधून तांबूस भेगा. माझा मेहुणा भर मांडवात म्हणाला, "पाव्हणं, डांबर सांडलं का काय?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. व्याही शांतपणे म्हणाले, "माझ्याकडं चांगलं म्हणावं असं हेच हाय. तेच पोरीला दिलं."

कापडावर रंगाचे इतके थर होते की पाण्याचा थेंब आत जात नसे. त्याच वर्षी परतीच्या पावसात मी ते सोयाबीनच्या ढिगावर ताडपत्री म्हणून पांघरलं. दिवाळीला व्याह्यांनी चित्राची चौकशी केली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "वाळवी लागली हो." त्यांनी बोटानं जमिनीवर एक वाकडी रेघ ओढली. मग म्हणाले, "वाळवीबी रेघाच काढती." पुढं बारा वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही ढिगावरची ताडपत्री बदलली नाही.

गेल्या उन्हाळ्यात मंठ्याच्या मंगल कार्यालयात त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. फोनवर बोलता बोलता म्हणाले, "समोरची भिंत मोकळीच ठेवलीय. ते रुखवतातलं पहिलं चित्र असतं तर तिथं बराबर बसलं असतं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी चित्र पोत्यात घालून एसटीत बसलो आणि त्यांच्या दारात उभ्या उभ्या सांगून टाकलं, "पाव्हणं, वाळवी झूट होती. हे घ्या."

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी कापड उलगडलं. भेगांत सोयाबीनचा भुसा रुतून बसला होता, शेंगांचे पिवळट डाग पडले होते, पण रंग कुठंच उडाला नव्हता. व्याही घडीच्या खुणांवरून बोट फिरवत राहिले. "ही घडी तुमची न्हाई, पाव्हणं. ही नकाशाची घडी हाय, रंग आत ठेवून घातलेली. पोरगी एवढीशी होती तवा मीच शिकवल्ती." त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मी भिंतीकडं बघत बसलो.

प्रदर्शनात सगळी गर्दी त्याच चित्रासमोर. बाजाराला आलेली एक म्हातारी कापडाजवळ नाक नेऊन ओरडली, "अगं बया, ही तर भुई! सोयाबीन काढल्यावर अशीच दिसती बघा!" शेतकरी आपसांत वाद घालू लागले, ही जमीन कुणाची, तुझी का माझी. शहरातून आलेल्या चित्रकलेच्या एका प्राध्यापकानं विचारलं, "हा पोत आणला कसा तुम्ही?" व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "बारा वर्षं मुद्दाम पिकावर पांघरलं, साहेब." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात माझ्याही टाळ्या होत्या.

मुद्दाम काही नव्हतं. तो अडाणीपणा माझा होता, खोटं माझं होतं, आणि माझी लाज राखायला त्या दिवशी व्याही खोटं बोलले. हे सगळ्यांना कळावं म्हणून लिहितो आहे.

घरी येऊन सुनेला विचारलं, "बारा वर्षं तू ते जपलंस. बाबांना एका शब्दानं सांगितलं नाहीस?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "सांगितलं असतं तर बाबा घेऊन गेले असते, मामा. मंग माझ्याजवळ काय राह्यलं असतं?"

प्रदर्शन उरकल्यावर व्याह्यांनी चित्र परत दिलं; आता ते ओसरीत आहे, सुनेचं म्हणून. यंदा सोयाबीनवर नवी निळी ताडपत्री आणली. पाऊस उघडला की सून तिची घडी घालते, तश्शीच, नकाशाची. आत जपायला काही नसतानाही.