अकरा काळ्या फ्रेम्स

प्रभाकरकाकांच्या मायाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमधून नुकतीच जर्सी सिटीच्या घरी पोचले होते. "ताई, बाबा गेले... दुपारी," एवढंच ती मराठीत बोलली, पुढचं सगळं इंग्रजीत. काकांना जाऊन आता सहा आठवडे झाले. भेटेल तो त्यांच्या शांत स्वभावाबद्दल बोलतो. शांत कसले? हट्टी होते. कामात कुणी चूक केली की दोन-दोन दिवस अबोला धरायचे. माझ्या सर्वांत मोठ्या चुकीबद्दल मात्र ते चकार शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला टोचत राहिलं आहे.

काका नात्याचे नव्हेत, ओळखीतले; मूळ नागपूरचे, नोकरी इथल्या एका साउंड स्टुडिओत. सुटीच्या दिवशी घराच्या तळघरात ते जॅझ बँडच्या अगदी पहिल्या, आठ-दहा मिनिटांच्या बोलक्या फिल्म्स दुरुस्त करायचे. तेव्हा आवाज फिल्मवर नसे, वेगळ्या मोठ्या तबकडीवर असे; दोन्ही एकाच क्षणी सुरू करायचं. फाटून चार फ्रेम्स गेल्या असतील तर तिथे चार काळ्या फ्रेम्स जोडायच्या, नाहीतर चित्र पुढे पळतं आणि आवाज मागे राहतो. "गेलेली फ्रेम येत नाही, पोरी, पण तिची जागा सोडायची," हे त्यांनी मला, मी त्यांच्या मदतीला जायला लागले त्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण मी पडले प्रोग्रॅमर, रिकामं काही दिसलं की उडवायची सवय. तीन वर्षांपूर्वी एक फिल्म पुसताना मधला काळा, ओरखडलेला तुकडा मी कापला, टोकं नीट चिकटवली आणि स्वतःवर खूश झाले.

ती फिल्म डोरोथीबाईंसाठी होती. या निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या आसपास. त्यांचे वडील त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत, आणि बाई तीन वर्षांच्या असतानाच ते वारले. घरात फोटो होते, आवाज नव्हता. तबकडी एकच सापडली होती, तीही तडकलेली. "सुई एकदा जाईल. दुसऱ्यांदाची गॅरंटी नाही," काका मला म्हणाले. मग टेपरेकॉर्डरची वायर जोडता जोडता, "माझा बापही क्लॅरिनेट वाजवायचा, लग्नाच्या बँडमध्ये. त्याच्या सुरावर वरात नाचायची, आणि बँडवाल्यांना जेवायला मांडवाबाहेर बसवायचे. त्याचं एक मिनिटही रेकॉर्ड केलेलं नाही."

शनिवारी दुपारी बाई येऊन बसल्या, काका दिवा घालवायला वळले, आणि तेवढ्यात कचऱ्याच्या टोपलीत मला तो काळा तुकडा दिसला. गेलेल्या फ्रेम्सची सोडलेली जागा होती ती. "काका, थांबा," एवढंच म्हणायचं होतं... मी म्हटलं नाही. दिवा गेला, सुई टेकली.

पहिली दोन मिनिटं ठीक गेली. मग चित्र किंचित उडालं, आणि ड्रमवर काठी आधी पडायला लागली, ठोका नंतर. काकांची मान ताठ झाली. तबकडी थांबवली तर पुन्हा चालेल की नाही कुणास ठाऊक, आणि क्लॅरिनेट मिनिटभरावर आलेलं. त्यांनी प्रोजेक्टरच्या वेगाच्या बटणावर अंगठा ठेवला आणि चित्राला इतकं हळू मागे ओढलं की बाईंना कळलंही नसेल. दर फेरीला तड्यावर सुई टक्‌ वाजत होती. तो उंच, सडपातळ माणूस उभा राहिला, क्लॅरिनेट ओठांना लावलं, आणि पहिला सूर बरोबर त्याच्या बोटांखालून निघाला.

बाई रडल्या नाहीत. "सो दॅट्स यू," एवढंच पडद्याकडे बघून म्हणाल्या. तबकडी उचलताना काकांच्या हातात तिचे दोन तुकडे आले. बाई गेल्यावर त्यांनी टोपलीतला तुकडा काढला, अकरा फ्रेम्स मोजल्या आणि परत जोडल्या. मी आधीच पाहिलं होतं, तरी गप्प बसले, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी, त्याच्या पुढच्या शनिवारी, सांगू सांगू म्हणताना तीन वर्षं गेली.

गेल्या रविवारी माया आणि मी तळघर आवरत होतो. प्रोजेक्टरच्या बटणावरचे आकडे अंगठ्याने पुसून गेलेत. मी त्यावरून हात फिरवला, तशी माया म्हणाली, "ही टोल्ड अस अबाउट दॅट डे. म्हणाले, माझीच चूक. पोरीला ब्लॅक फ्रेम्सचं कधी सांगितलंच नव्हतं."

मी बटणावरून हात काढला.

"सांगितलं होतं, माया," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी."