बोट ठेवून वाचणे

सरकारी दवाखान्यात आता नंबर यंत्र देते. माझ्यापुढे साठीच्या एक बाई होत्या. त्यांचा नवरा सुजलेला गुडघा धरून बाकावर बसला होता, आणि हाडांचे डॉक्टर फक्त मंगळवारी येतात. बाई यंत्राच्या काचेवरची विभागांची यादी शाळेत शिकल्या तशा अक्षराखाली बोट ठेवून वाचत होत्या. काचेला बोट लागले की यंत्र तेच उत्तर धरी. ‘दंतविभाग’ वाचायला घेतला की दंतविभाग उघडे. मी घड्याळ लावून पाहिले. यंत्र वीस सेकंद थांबून पहिल्या पानावर जात होते, बाईंना एक पान वाचायला चाळीस लागत होते.

“आजी, वाचत काय बसलात? दाबा की!” मागून कोणी ओरडले.

“न वाचता कसं दाबू, बाबा?”

काचेवरचे बोट म्हणजे हुकूमच, एवढेच यंत्र करणाऱ्याने धरले होते. चाचपडणारे बोट त्याच्या हिशेबात नव्हते.

चौथ्या खेपेनंतर त्या बाजूला झाल्या. “तुम्ही घ्या आधी.”

मी नऊ सेकंदांत हाडांच्या डॉक्टरांचा नंबर घेतला. चिठ्ठी माझ्या हातात पडली आणि काचेवर अक्षरे आली : ‘हाडांचे डॉक्टर – आजचे नंबर संपले.’

“काय लिहिलंय हो?” बाईंनी विचारले.

या वेळी मात्र मी वाचून दाखवले.