तुरेवाल्या पाखरांचं पाणी

शाळेच्या मुख्याध्यापिका ऑपरेशनसाठी नागपूरला निघाल्या, त्या सकाळी त्यांचा पिंजरा आमच्या ओसरीवर आला. त्यांना सगळं गाव बाईच म्हणायचं. बाईंच्या घरात माणूस असं दुसरं कोणी नव्हतं. पिंजऱ्यात दोन राखाडी पाखरं, नर आणि मादी. डोक्यावर पिवळा तुरा, गालावर शेंदरी ठिपका. बाईंकडे मराठी शिकलेली एक मडम विलायतेला परतताना ती त्यांना देऊन गेली होती. कॉकाटील हे त्यांचं नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बुलढाण्यात आम्ही त्यांना तुरेवाले पोपट म्हणायचो.

मलकापूरची मोटार सुटायला अवकाश होता, म्हणून मी वही-पेन्सिल घेऊन बसले. खाणं काय? राळे, बाजरी, कधी पालकाचं पान. मिरची आणि भिजवलेली डाळ द्यायची नाही, ते आपल्या हिरव्या पोपटाचं. पाणी? "वाटी सदा भरलेली असू द्या." झोप? "दिवस मावळला की निजतात, दहा-बारा तास तरी." सगळं लिहून घेतलं. मोटारीत चढताना बाई म्हणाल्या, "वहिनी, परत येईन तेव्हा दोघं असतील ना?" मी हो म्हटलं, आणि तेही लिहिल्यासारखंच धरलं.

चैत्र संपत आला होता. त्या दिवसांत आमच्याकडची विहीर तळाला जायची आणि पखालवाला एक दिवसाआड यायचा. पाणी फेकणं हा घरात गुन्हाच. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, आणि माठातलं उरलेलं पाणी ओतून न देता त्याच्यावरच नवं. पाखरांच्या वाटीलाही मी तोच नियम लावला. सकाळ-संध्याकाळ वाटी काठोकाठ भरायची आणि वहीत खूण करायची. एकही खूण चुकली नाही.

झोपेचंही तसंच. दिवस मावळला की पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकायचे. पण पिंजरा ओसरीवर, आणि तिथंच आमचे हे, कचेरीतून आले की, कंदील लावून शेजाऱ्यांबरोबर बुद्धिबळ मांडून बसायचे. लुगडं विरलेलं. कोणी उठलं, सावली हलली की आत फडफड व्हायची. मी म्हणायचे, सवय होईल.

तीन आठवडे झाले असतील. एका सकाळी मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसलेली दिसली. डोळे अर्धे मिटलेले, शीट पाण्यासारखी, दाण्याला तोंड नाही. मी आधी राळे निवडून पाहिले. मग वही पाहिली. वहीत कुठेच चूक नव्हती, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली.

पलीकडच्या गल्लीत एक म्हातारे पिंजारी राहायचे. कापूस पिंजून गाद्या भरायचा धंदा, पण सारी हयात तितर आणि बुलबुल पाळण्यात गेलेली. त्यांना बोलावलं. चाचा बराच वेळ पिंजऱ्याला हात न लावता नुसते बसून राहिले. मग त्यांनी वाटी काढून घेतली आणि बोटानं तिचा तळ घासून पाहिला.

"बेटी, हे वाटी रिकामी कधी केली होती?"

"रोज दोनदा भरते, चाचा."

"भरते ते दिसून राह्यलं. रिकामी कधी केली ते पुसून राह्यलो मी."

चाचांनी बोट माझ्यासमोर धरलं. त्यावर हिरवट बुळबुळीत थर होता.

"याच्यात शीट पडते, दाना सडते, वरून तू ताजं पानी ओतते. मंग ते ताजं राह्यते काय?"

आमचे हे दारात उभे होते. माझी बाजू घ्यायला म्हणून बोलले, "पण चाचा, उन्हाळ्याचं पानी काय फेकून द्याचं काय?"

"साहेब, तुमी रोज कंदील घेऊन कुठी बसता?"

"इथीच."

"घ्या, दुसरा गुन्हेगारबी सापडला. तुमचा डाव संपेस्तोवर हे पाखरू जागते. बीमार जीवाले नींद नाही भेटली तर दवा काय करन?"

"म्हंजे पाखरासाठी मानसानं अंधारात बसाचं?"

"अंधारात काऊन? शेजाऱ्याच्या ओट्यावर बसा. हराचंच हाय, तं तिथी हरा."

त्याच दुपारी वाटी राखेनं घासून उकळत्या पाण्यानं धुतली. पाणी उकळून गार करून ठेवलं. पिंजरा कोठीच्या खोलीत वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात नेला, तीन बाजूंनी जाड चादर लावली, पुढची बाजू हवेसाठी मोकळी. दिवेलागणीनंतर त्या खोलीत कोणी जायचं नाही. पाणी सकाळी, दुपारी आणि दिवस मावळायच्या आत पूर्ण बदलायचं. मी मोजून पाहिलं: तिन्ही वेळचं मिळून एक तांब्याही भरत नव्हता. एवढ्या पाण्यासाठी मी काटकसर केली होती. टाकलेलं पाणीही वाया जात नव्हतं, कुंपणाच्या मेंदीला जात होतं.

दुसऱ्या दिवशी फरक नव्हता. नर तिच्या शेजारी खाली येऊन बसला होता. मी राळ्याचं कणीस आत टेकवून दार ओढून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर मादी खालच्या काठीवर. ती सरकत वाटीपाशी आली, चोच बुडवली, मान वर केली, पुन्हा बुडवली. आठवडाभरात तिचा तुरा पूर्वीसारखा उभा राहू लागला.

"बरी झाली ना?" हे म्हणाले. "मंग बाईले सांगून काय करतं? आधीच आजारातून येऊन राह्यल्या."

मला ते पटत नव्हतं. बाईंनी विश्वासानं दिलेला जीव माझ्या हातून जाता जाता राहिला होता.

बाई ज्येष्ठात परतल्या. निम्म्या झालेल्या, ओसरीच्या पायऱ्या चढल्यावर धाप लागणाऱ्या. मी चहा करायच्या आधीच त्यांना कोठीत पिंजऱ्यापाशी नेऊन सगळं सांगितलं: वाटी, कंदील, मादीचं आजारपण. नरानं त्यांना ओळखून शीळ घातली. मादी मात्र माझ्या बाजूच्या गजाशी येऊन बसली. बाईंनी ते पाहिलं.

"आता पाणी किती वेळा?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"मी एकदाच बदलायचे," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी चार महिने वजन उचलू नका म्हणून सांगितलंय. तोवर पिंजरा इथंच राहू दे. पण पाणी तुम्हीच घाला, वहिनी, दुसऱ्या कोणाला घालू देऊ नका."

दुपार झालीच होती. मी वाटी काढून घेतली आणि रिकामी करायला मागच्या दारी गेले.