चौथीतून न हलणारी सुमन

साहेबांनी अजून जाहीर न झालेलं निकालपत्रक टेबलावरून माझ्याकडे सरकवलं आणि शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"बाई, ही मुलगी बघा. दोन वर्षं चौथीत नापास झाली, आणि यंदा तिसऱ्यांदा. शाळा तुमच्याच बीटातली ना?"

"माझ्याच."

"मग तुम्ही करता काय?"

साहेब म्हणजे आमचे गटशिक्षणाधिकारी, तालुक्यातल्या सगळ्या प्राथमिक शाळांचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली शिक्षण विस्तार अधिकारी होते. हुद्दा भारदस्त, काम पायपिटीचं. ठरलेल्या वीसेक शाळा माझ्याकडे. त्यांना आमच्या भाषेत बीट म्हणायचं. एसटी जाईल तिथवर एसटीने जायचं, पुढे चपला झिजवायच्या, शाळा तपासायची आणि शेरेबुकात शेरा लिहायचा.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जिल्हा परिषदेने तेव्हा शाळांपुढे तीन उद्दिष्टं ठेवली होती. गावातलं प्रत्येक मूल पटावर आलं पाहिजे. आलेलं मूल मध्येच शाळा सोडता कामा नये, म्हणजे गळती नको. आणि एकाच इयत्तेत कुणी पुन्हापुन्हा बसता कामा नये, म्हणजे स्थगन नको. आमच्या साहेबांचं या स्थगनाशी जन्माचं वैर होतं.

"त्या गुरुजींना मेमो काढायचा," साहेब म्हणाले. "तीन वर्षांत एक मुलगी पास करता येत नाही? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! जाऊन या, कडक शेरा लिहून आणा. पुढचं मी बघतो."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? माझाही पारा चढलाच होता.

शाळा खाडीकाठच्या एका वाडीत होती. वाडीचं नाव इथे सांगत नाही, माणसं अजून आहेत. तालुक्याच्या गावाहून दोन एसट्या बदलायच्या, मग तासभर कातळ तुडवून उतारावरून खाली. एप्रिलचा मधला आठवडा होता. शाळा एकशिक्षकी, म्हणजे पहिली ते चौथीचे चारही वर्ग एकाच खोलीत, चार रांगांत, आणि त्यांना मिळून एकच गुरुजी. या गुरुजींना धनावडे गुरुजी म्हणू. पन्नाशीचे, सडसडीत, अगदी कमी बोलणारे. मला बघताच त्यांनी खुर्ची पुसली आणि मुलांना उभं केलं.

मी चौथीचं वाचन घेतलं. सहा मुलं बरी वाचत होती. सातवी सुमन. बारा वर्षांची, सगळ्यांच्या वर डोकं काढणारी, दोन घट्ट वेण्या. पुस्तक हातात दिलं तर "क... म... ळ" असं अडखळत चाललेलं. दोन ओळींना पाच मिनिटं. मी म्हटलं, "पुरे, बाळ." टेबलाशी बसले, शेरेबुक उघडलं आणि लाल शाईने लिहायला घेतलं. सुमन समोरच उभी होती, टेबलाच्या पलीकडे.

मी वाक्य पूर्ण केलं, तोच ती म्हणाली, "बाई, 'अध्यापन असमाधानकारक' असं लिहिलंत. आता गुरुजींना मेमो येणार?"

माझं पेन हवेतच राहिलं.

अहो, शेरेबुक माझ्याकडे सरळ, म्हणजे तिच्याकडे उलटं. त्यात माझं अक्षर. माझं अक्षर आमच्या हेडक्लार्कला सरळ बाजूनेही लागत नसे! आणि दोन मिनिटांपूर्वी 'कमळ'वर बुडणारी ही पोर 'असमाधानकारक' उलट्या बाजूने वाचून मोकळी.

"उलटं वाचता येतं तुला?"

ती दचकली. आपण काय करून बसलो ते तिला तेव्हा कळलं. मान खाली घालून म्हणाली, "दादाचं आणि माजं एकच पुस्तक होतं. तो सरळ बसायचा, मी समोर बसायची."

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते.

"गुरुजी, हिचे पेपर काढा."

पेपर आले. गणितात अठ्ठेचाळीसला सहाने भागायचं होतं. तिने उत्तर आठ लिहिलेलं, मग त्यावर रेघ मारून नऊ केलेलं. पुढच्या उदाहरणातही तेच. भूगोलात भारताची राजधानी. आधी दिल्ली लिहिली होती, ती खोडून लिहिलं होतं सावर्डे, आमच्याच जिल्ह्यातलं एक गाव. मला हसू यायला हवं होतं. पण पानभर त्या रेघा मी बोटाने मोजत गेले. हाताला खरं उत्तर लिहायची सवय होती, आणि दर वेळी ते मागाहून खोडावं लागत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "सरकारी कागदावर खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते, ठाऊक आहे का? एवढी खाडाखोड का केलीस?"

"पास झाली असती म्हणून."

"मग पास व्हायला काय झालं?"

"पास झाली की दाखला देतात, बाई."

पाचवीची शाळा खाडीपलीकडे होती. होडीने जायचं, आणि पावसाळ्यात होडी महिनोन्‌महिने बंद. मुलगे मामाकडे नाहीतर बापाबरोबर मुंबईला जात. मुलींच्या हाती चौथीचा दाखला आला की तो आई ट्रंकेत ठेवून देई आणि मुलीच्या हातात शेणाची पाटी येई. सुमनचे वडील मुंबईला गिरणीत होते. त्यांनी निक्षून सांगितलं होतं, चौथी होईपर्यंत शाळा. पोरीने बापाचा शब्द एकदाही मोडला नाही. तिने चौथीच होऊ दिली नाही.

मुलांना बाहेर पाठवलं आणि मी गुरुजींकडे वळले. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या वर्षी नाय कळलं. दुसऱ्या वर्षी कळलं."

"आणि गप्प राहिलात?"

"पास केली तर उद्यापासून गोठ्यात. नापास केली तर अकराच्या ठोक्याला शाळेत. मी तिला सातवीचं गणित देतो, बाई. गळती लिहू की स्थगन लिहू, एवढंच माझ्या हातात होतं. चूक माझी आहे. तुम्ही लिहा काय ते."

आता याला काय मेमो काढणार, कपाळ! मी म्हटलं, "गुरुजी, तुम्ही चुकलात. मी तुमच्या जागी असते तर मीही हेच चुकले असते. याला मी तोंडी समज दिली असं धरते."

आमच्या नियमांत एक तरतूद होती, 'नैसर्गिक वाढ'. शाळेतली मुलं वर सरकली आणि पुढच्या इयत्तेला पुरेशी संख्या झाली, तर त्याच शाळेला पुढचा वर्ग जोडता येई. आमच्याकडे त्यासाठी वीस मुलं धरत. चौथीतली सहा पास. मागच्या वर्षांत चौथी होऊन घरी बसलेली किती? गुरुजींनी न बघता नावं म्हटली. तेरा. बारा मुली आणि एक मुलगा. सहा नि तेरा एकोणीस. विसावी सुमन.

दुपारी आयांना शाळेत बोलावलं. सुमनची आई पुढे बसली होती.

"बाई, शिकू नको असं मी बोलत नाय. पन होडीतनं पाठवायची कोनाच्या जिवावर? हिते गावात साळा झाली तर चांगलंच हाय. पन ह्यांना इचारल्याबिगर कशी हो बोलू?"

बाकीच्यांचंही तेच. सगळे बाप मुंबईला. म्हणजे पत्रं लिहायला हवीत. मी पेन काढलं, तर बायका माझ्याकडे बघेनातच. सगळ्या सुमनभोवती जमल्या. तेव्हा मला समजलं, वाडीतलं प्रत्येक पत्र हीच वाचते आणि उत्तरही हीच लिहिते.

एकजण सांगत होती, "लिव गो बाय, पोरीला पाचवीत घालते. आनि लिव, नाय बोललाव तर पुढला कागद तुमचा तुमीच येऊन वाचून दाखवा."

हशा पिकला. सुमनने तेही जसंच्या तसं लिहिलं. शेवटचं पत्र तिच्या स्वतःच्या वडिलांना. आईने मजकूर सांगितला. खाली सुमनने आपल्या मनाने एक ओळ घातली, 'हा कागद मी लिहिला आहे. सुमन.'

निकालाच्या दोन दिवस आधी मी परत गेले. उत्तरं आली होती. बहुतेकांचं होय होतं. दोघांनी कुरकुर केली होती, पण त्यांच्या बायकांनी ती मनावर घेतली नव्हती. सुमनच्या वडिलांचं कार्ड गुरुजींनी मला दिलं. चारच ओळी होत्या. 'कागद गुरुजी लिहितात असं मी समजत होतो. तुझं अक्षर आहे हे मला माहीत नव्हतं. शाळा गावात झाली तर शीक. खोलीत सगळ्यांना दाखवलं.' मी ते कार्ड दोनदा वाचलं आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहिले.

आता फेरपरीक्षा, म्हणजे सुमनची परीक्षा मी नव्याने घ्यायची होती. प्रश्न मी नवे काढले होते. पडवीत सुमनला एकटीला बसवलं. तिने प्रश्न वाचले आणि पेन खाली ठेवलं.

"बाई, पाचवी मिळाली?"

"प्रस्ताव जायचाय. तू पास झालीस तर वीस होतात. मग मंजुरी."

"आनि मी पास झाली, पन मंजुरी नाय आली तर?"

तिचा प्रश्न बरोबर होता. तसं झालं तर तिच्या हातात दाखला, आणि पुन्हा नापास व्हायची सोयही गेली. प्रस्ताव रत्नागिरीला जिल्हा परिषदेत जाणार, तिथे टेबलाटेबलांवर फिरणार. माझ्या हातात त्यातलं काही नव्हतं. नोकरीत मी कुणाला कधी शब्द दिला नव्हता. 'विचाराधीन आहे' यापलीकडे जायचं नाही, असा माझा नेम होता.

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मंजुरी मी आणीन. माझा शब्द."

तिने पेन उचललं. तासाभरात पेपर दिला. मी पानं उलटली. सगळं बरोबर, आणि खोडल्याची एकही रेघ नाही.

साहेबांनी प्रस्ताव वाचला. सुमनला दिलेला शब्दही मी त्यांना सांगून टाकला. "शब्द दिलात? कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"आणि मेमोचं काय?"

"तोंडी समज दिली आहे."

साहेबांनी प्रस्ताव पुन्हा पुढ्यात ओढला. मग सही ठोकली. "बाई, मंजुरी आली नाही तर त्या पोरीला तोंड तुम्ही दाखवायचं. मी येणार नाही."

जून उजाडला. शाळा सुरू झाली, मंजुरी नाही. मी रत्नागिरीच्या ऑफिसात इतके खेटे घातले की तिथला शिपाई मला घरचं माणूस समजून चहा विचारायला लागला. फाईल कधी सहीला, कधी तिथले साहेब दौऱ्यावर. इकडे गुरुजींनी चौथीच्या रांगेमागे पाचवी रांग बसवली होती, बिनमंजुरीची. जुलैत तपासणीला गेले तर सुमन त्या रांगेत पहिली बसलेली. तिने काही विचारलं नाही. निघताना नुसतं माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा रत्नागिरी गाठली.

ऑगस्टमध्ये आदेश निघाला. टपालाने गेला असता, पण मी हातोहात घेतला आणि पहिली एसटी पकडली. निथळत शाळेत पोचले. छत्री कोपऱ्यात टाकली, टेबलाशी बसले आणि पिशवीतून कागद काढून उलगडला. सुमन उठून समोर आली. मी तोंड उघडायच्या आत तिने वाचायला सुरुवात केली, पलीकडूनच.

"'...नैसर्गिक वाढीने इयत्ता पाचवीचा वर्ग जोडण्यास मंजुरी देण्यात येत आहे.'"

पाचव्या रांगेने असा गिल्ला केला की पहिलीतलं एक पोर घाबरून रडायला लागलं. गुरुजींनी तोंड फिरवून फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

सुमन मात्र जागची हलली नाही. "बाई, तो शेरा अजून हाय."

मी शेरेबुक मागवलं. एप्रिलचं पान काढलं. 'अध्यापन असमाधानकारक' यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, 'समाधानकारक'. शेरेबुक मिटणार, तोच पलीकडून बोट पुढे आलं.

"बाई, खाडाखोड केलीत. सही?"

मी सही केली.

पुढे त्या शाळेला सहावी आणि सातवीही जोडली गेली. सुमन सातवी पहिल्याच झटक्यात पास झाली. मी निवृत्त होईपर्यंत बरीच निकालपत्रकं तपासली. एवढं मात्र शिकले, नापास मुलाचा पेपर आधी स्वतः वाचावा. मेमो काय, दुसऱ्या दिवशीही काढता येतो.