हळदीतले दात

घरमालकिणीचा तोरा उतरवायचा असेल तर तिला भाडेकरूच्या खुर्चीत आडवं पाडावं. सारसोळ्यातल्या आमच्या इमारतीचा तळमजल्यावरचा गाळा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घेतलाय. त्यांच्या पाइपातून पाणी गळतं म्हणून मी वर्षभर त्यांना फैलावर घेत होते. मग माझ्या हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले आणि मीच त्यांच्यापुढे तोंड वासून पडले. "काकी, जरा मोठा आ करा," असं गोड बोलून बाई सगळं उट्टं काढत होत्या, असा माझा आजही संशय आहे.

वरचे पुढचे चार दात गेले. दाढांचं रूट कॅनल झालं. रूट कॅनल झालं की दुखणं संपलं म्हणतात, पण माझ्या डाव्या दाढेला हे कुणी कळवलं नसावं. गार प्यायलं की ठणका, गरम प्यायलं की ठणका. गालात लवंग धरून मी ऑफिसला जायचे, तर शेजारच्या टेबलावरची म्हणायची, तू आलीस की मला बिर्याणीची भूक लागते. एक फायदा मात्र झाला. नवऱ्याचं बोलणं लांबलं की मी गालाला हात लावायचे, बिचारा लगेच गप्प बसायचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मुलीचं लग्न जवळ आलं होतं आणि तिच्या हळदीला धवले मला गायचे होते.

आमच्याकडे लग्नात धवलारीण लागते. ती धवले गाऊन देवांना बोलावते, तिच्या गाण्यावर बायका हळद कुटतात. आमची धवलारीण म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण, त्यांची 'बाय', माझी मावससासू. ती गेल्या वर्षी गेली. तिच्या मागे बसून बसून ती गाणी एकट्या मला पाठ झाली होती. आता हळद म्हटलं की डीजे. त्यात व्याही उरणचे, त्यांचा डीजे द्रोणागिरीला वाजला तर आमच्या खाडीला ऐकू यावा असा. माझ्या मुलीच्याच हळदीत धवले झाले नाहीत तर पुढच्या लग्नात कोण विचारणार होतं? मावशीसोबत गाणीही जातील, याची मला खरोखर भीती वाटत होती.

डॉक्टरीणबाईंनी तात्पुरते चार दात चिकटवून दिले. कायमचे लग्नानंतर. "काकी, कडक काही चावू नका," हे सांगून सांगून त्यांच्या दाताच्या कण्या झाल्या. मी सराव सुरू केला. एकेक शब्द कसा खणखणीत! मुलगी म्हणाली, "मम्मी, शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाटतंय गं." सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांना विचारलं तर "बरा हाय" म्हणाल्या आणि सोलत राहिल्या. बहीण गेल्यापासून त्या कशातच नव्हत्या.

हळदीच्या दुपारी ताटात भाजलेला सुका बोंबील आला. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. माझ्याकडे दोन्ही होतं, फक्त दात उसने होते. चावला मी. दात हलले. जिभेने दाबून जागेवर बसवले आणि कुणाला काही बोलले नाही.

संध्याकाळी बायका उखळाभोवती जमल्या. नवऱ्याने डीजेवाल्याला कसंबसं थांबवून धरलं होतं. मी गायला लागले. दुसऱ्या कडव्यात आवाज चढवला आणि चारही दात सुटून सुपातल्या हळकुंडांत जाऊन पडले.

मुसळ थांबलं. पोरी फिदीफिदी हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून पळावंसं वाटलं, पण डीजेवाल्याचा हात बटणावर होता. मी थांबले असते तर त्याने सुरू केलं असतं. मग बोळक्या तोंडानेच पुढची ओळ उचलली. शब्द सगळे मऊ पडले, मधूनच फसफस वारा. आणि गाता गाता माझ्याच अंगावर काटा आला. मावशीच्या तोंडात मी कधी दात पाहिलेच नव्हते. ही गाणी मी अशीच ऐकली होती.

मांडवाच्या खांबाला टेकलेल्या सासूबाई उठल्या. बहीण गायची तेव्हा बसायच्या तशा माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. "बाय आयली गो माजी," एवढंच म्हणाल्या, डोळे पुसले आणि मागची ओळ त्यांनी धरली. मग बाकीच्या म्हाताऱ्याही धरायला लागल्या. मुसळ परत पडू लागलं. त्या दिवशी डीजेवाला जेवून आला तरी आमचं चालूच होतं.

लग्न पार पडल्यावर पिवळेधमक दात पदरात बांधून मी खाली गेले. सासूबाई न बोलावता सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी ते दात चिमट्यात धरून पाहिले, मला बोलायच्या ते बोलल्या आणि म्हणाल्या, "आता फिक्सच बसवते, काकी. मरेपर्यंत हलणार नाहीत."

"फिक्स नको," सासूबाई म्हणाल्या. "काढता येतील आसं दे तिला. वैशाखात पुतनीची हलद हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. डावी दाढ ठणकत होती. मी म्हटलं, त्या सांगतात तसं करा, आणि मोठा आ केला.