लंकाबाईचं रक्त

पाथर्डीकडच्या लंकाबाईचं देवाकडं एकच मागणं होतं: आपल्या रक्तात काहीतरी खोट निघावी. असलं मागणं ऐकून देवही चक्रावला असेल. पण तिचं दुखणंच चोरटं. सकाळी बोटं सुजून आखडायची, गुडघे धरायचे, अन् दुपारी बघावं तर सूज उतरलेली. उन्हात गेली की दोन्ही गाल लालभडक. सासू साळूबाई म्हणायची, "गालाव लाली हाय की! दुखन्याची बाई अशी दिसती व्हय?"

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सहादेवनं ऊस तोडायचा, लंकाबाईनं वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. गेल्या हंगामात तिच्या बोटांना गाठ आवळेना, मोळ्या वाटेतच सुटल्या. म्हणून नगरच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. सांधेवाताची खूण काही निघाली नाही. झालं! "रगतात काय न्हाई, म्हंजी नाटकं हायती," असा निकाल साळूबाईनं देऊन टाकला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी पुन्हा बोलावून रक्त घेतलं. या खेपेला वेगळी तपासणी केली.

"बाई, सांधे अजून झिजलेले नाहीत," ते म्हणाले. "पण तुमचं रक्त तुमच्याच अंगावर उलटलंय. ल्यूपस म्हणतात याला. दुखणं खरं आहे तुमचं. ऊन टाळायचं, मोळ्या उचलायच्या नाहीत, गोळ्या चुकवायच्या नाहीत."

लंकाबाईला रडू कोसळलं, ते सुखाचं. कुणीतरी खरं मानलं होतं. कधी एकदा नवऱ्याला सांगते, असं तिला झालं.

सहादेव बाहेर झाडाखाली उभा होता. ती तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "लंके, रगतात रोग निघाला तर तुला म्हायेरी सोडायची, असं आयनं ठरीवलंय. रंगुबाईला दुसरी बायकू करून घरात आनायची म्हनती. टोळीचा मुकादम जोडीबिगर तोडीला घेत न्हाई. मला न्हाई गं पटत, पन करू काय? काय म्हनला डाक्टर?"

त्याचे डोळे भरले होते. त्याच्यावर रागावताही येईना.

"काय न्हाई निघालं," ती म्हणाली.

"आन् ह्या गोळ्या?"

"ताकदीच्या हायत."

सहादेवचा जीव भांड्यात पडला. "मी म्हनलंच हुतं आयला!" म्हणत तो मुकादमाला होकार कळवायला झपाझप निघाला. लंकाबाईनं पदर गालांवर ओढला आणि उन्हातून त्याच्यामागं चालू लागली.