एकोणीस मिनिटांचा खिमा

कारखान्यात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं. गळ्यात लोंबणाऱ्या स्टॉपवॉचवरून ते पडलं होतं आणि वीस वर्षांत असं अंगाला चिकटलं होतं की हजेरीपटावरचं खरं नाव कुणी पुकारलं तर ते स्वतःच मागे वळून बघत, कोण आलंय म्हणून.

काम दुसऱ्यांचं काम बघण्याचं. काम करणाऱ्याच्या मागे दीड पाऊल सोडून उभं राहायचं. हातात फळी, फळीला कागद, कानामागे पेन्सिल. खोका उचलला, दोन सेकंद. घडी घातली, चार. चिकटपट्टी ओढली, तीन. अशा नोंदी घेऊन ते काम किती वेळाचं आहे ते ठरायचं, आणि पुढे त्या माणसाचा दिवस त्या आकड्याने कापून दिला जायचा, कापडासारखा. काटेसाहेब मागे येऊन उभे राहिले की बायका मुद्दाम हात सावकाश चालवायच्या, म्हणजे काम जास्त वेळाचं ठरावं. काटेसाहेबांना ते कळायचं. त्यांना कळतं, हे बायकांना कळायचं. कारखान्यातला संसार असा वर्षानुवर्षं सुरळीत चालला होता.

घरातला मात्र एकाएकी बिघडला. भांडण झालं नव्हतं. भांडायला वेळ लागतो. बायको इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायची. तिला रात्रपाळी लागली आणि ती पावणेसातला घराबाहेर पडू लागली. काटेसाहेब बसमधून उतरून सहा वीसला दार उघडायचे. मधल्या पंचवीस मिनिटांत त्यांना स्वयंपाक करायचा असे, कारण आठवड्यातल्या पाच दिवसांचा स्वयंपाक लग्नापासून त्यांच्याकडे होता. आणि पाचही दिवस एकच पदार्थ होता: एका पसरट पॅनमध्ये केलेला डुकराचा खिमा.

पॅन कडक तापवायचा. खिमा पसरून दाबायचा आणि तीन मिनिटं त्याला हात लावायचा नाही. खालून तपकिरी झाला की उलथन्याने फोडायचा, कडेला सारायचा, सुटलेल्या चरबीत आलं-लसूण आणि कांदा टाकायचा, मग कोबी, गाजर, सोया सॉस, चिमूटभर साखर, शेवटी थोडं व्हिनेगर. चिरण्यापासून गॅस बंद करेपर्यंत एकोणीस मिनिटं. अठरा नाही, वीस नाही.

म्हणजे सहा एकोणचाळीस. उरलेल्या सहा मिनिटांत बायको एका पायात बूट घालून उभ्याउभ्या चार घास खायची, बाकीचं डब्यात भरायची. सकाळी ती जिना चढत असायची तेव्हा हे उतरत असायचे. पहिल्या तीन आठवड्यांत दोघांत जे बोलणं झालं ते पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि त्यात बरंचसं दुधाबद्दल होतं. एका संध्याकाळी टेबलापाशी एकटे उभे असताना काटेसाहेबांना आठवेना की दोन खुर्च्यांपैकी बायकोची कोणती. ते घाबरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला: रोज वीस मिनिटं लवकर सोडावं, सकाळी वीस मिनिटं आधी येईन.

मोठ्या साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"कारण काय हे? 'पत्नीसह बसून जेवणे.'"

"हो."

"बसून?"

"सध्या ती उभी असते."

"पण जेवते ना?"

"जेवते."

"मग काम होतंय की. किती मिनिटांचा असतो तुमचा खिमा?"

"एकोणीस."

"कुणी मोजला?"

"मीच."

साहेबांनी कपाटातून निळी फाईल काढून त्यांच्यापुढे सरकवली. उघडायची गरज नव्हती. नियम काटेसाहेबांनीच लिहिले होते. स्वतःच्या कामाची नोंद स्वतः घेऊ नये. वीस मिनिटांच्या आतल्या घरकामास सवलत नाही. आणि त्याखाली, त्यांच्याच ठाशीव अक्षरात: वीसच्या आतलं काम हे काम नव्हे, सवय आहे.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," साहेब म्हणाले, पण प्रेमाने. "कामगारांच्या बाजूचं कुणीतरी घरी येऊन मोजेल. वीस भरली की सही करतो."

म्हणजे प्रश्न एका मिनिटाचा होता. एका मिनिटाने बायको खुर्चीवर बसणार होती किंवा कायम दारात उभी राहणार होती.

कामगारांच्या बाजूने पॅकिंगच्या मावशींना नेमलं. मावशींना सगळे मावशी म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. चौदा वर्षं काटेसाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले होते. नोंद अर्जातल्या वेळीच सुरू व्हावी म्हणून दोघांना वीस मिनिटं आधी सोडण्यात आलं, आणि सहाला मावशी काटेसाहेबांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या पाठीशी दीड पाऊल सोडून उभ्या होत्या. गळ्यात घड्याळ, कानामागे पेन्सिल.

"करा सुरू," मावशी म्हणाल्या. "मी नाहीच असं समजा. तुम्ही आम्हाला हेच सांगायचात."

काटेसाहेबांनी कांदा घेतला. आयुष्यात त्यांनी कधी लबाडी केली नव्हती, त्यामुळे ती कुठून सुरू करतात हे त्यांना नीट ठाऊक नव्हतं. त्यांनी कांद्याकडे जरा वेळ नुसतं पाहिलं.

"ओळख पटत नाहीये का?" मावशींनी विचारलं.

ते कापायला लागले, एकेक काप वेगळा करत.

"रोज असाच कापता?"

"साधारण."

"मग रडून होत असेल, डोळे पुसून होत असतील, आणि कांदा अर्धाच." पेन्सिल सरकली. "बारा सेकंद कमी."

त्यांनी सुरी खाली पाडली.

"सुरी पाडणं मी शोधून काढलंय, साहेब. कात्रीवर. सहा सेकंद कमी."

मिठाचा डबा डोळ्यांपुढे होता तरी त्यांनी दोन कपाटं उघडली. मावशींनी मान हलवली. "डबा हरवणं ही नव्या पोरींची युक्ती. तुमच्या वयाला शोभत नाही."

बायको आतून केस विंचरत आली. "अहो, हे काय चाललंय? डबा समोर तर आहे."

"बघा," मावशी म्हणाल्या, "साक्षीदारही मिळाला."

काटेसाहेबांचे कान तापले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, आणि तेही भांडी विकणाऱ्यापासून. त्यांनी लबाडी सोडली, पॅन तापवला, खिमा पसरून दाबला आणि हात बांधून उभे राहिले. चरबी तडतडू लागली. मावशींनी कागदावर आडवी रेघ मारली.

"हे काय लिहिलंत?"

"माणूस रिकामा उभा. तीन मिनिटं. वजा."

"वजा कशी? मी वाट बघतोय."

"तेच. हात रिकामा."

"हात रिकामा असला तरी... आत्ता हलवला तर पाणी सुटतं. मग तो भाजत नाही, उकडतो. वाट बघणं हेच यातलं मुख्य काम आहे, मावशी."

मावशींनी पेन्सिल खाली केली. "असं? मग आमच्या लेबलाचं काय?"

"कोणतं लेबल?"

"खोक्यावरचं. गोंद लावला की तळहात दाबून धरायचा, सहा सेकंद. तुम्ही तीन खोडलेत. 'हात रिकामा' असंच लिहिलंत. तीन सेकंदांनी सोडलं की कोपरा उचकटतो. म्हणून आम्ही सहाच धरतो आणि वरचे तीन जेवणाच्या सुट्टीतून भरतो. अकरा बायका, अकरा वर्षं."

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे? सांगा ना. तुमचा खिमा आणि आमचा गोंद, दोघंही आपापल्या वेळेने येतात."

काटेसाहेब सांगू लागले. वेगळं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, फक्त कसं ते वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत निसटत होतं. त्यांनी तीनदा सुरुवात केली. मावशींनी तिन्हीदा ऐकून घेतलं.

"तुमचा वाद खालून करपलाय," दारातून बायको म्हणाली.

ते वळले. उलथन्याने खरवडून त्यांनी खिमा उलटला. एक बाजू कोळशासारखी. आलं-लसूण, कांदा, कोबी, सगळं मुकाट्याने, रोजच्या हाताने. गॅस बंद केला तेव्हा पाठ न वळवता म्हणाले, "सहा."

"काय सहा?"

"लेबलाचे. उद्या दुरुस्त करतो."

 मावशींनी तीन मिनिटांवरची रेघ खोडली, वादाची पाच मिनिटं वजा केली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि बेरीज मांडली.

"एकोणीस," त्या म्हणाल्या.

"बरोबर आहे," काटेसाहेब म्हणाले.

"वीस लिहिता आली असती. पण खोटा हात मी चौदा वर्षं चालवला, खोटा आकडा कधी लिहिला नाही."

"नका लिहू."

तिघं बसली. बायकोने खिडकीकडची खुर्ची ओढली. तर ती तिची होती. मावशींना स्टूल दिलं. खिमा करपलेला असूनही, किंवा त्यामुळेच, बरा लागत होता. सहा सव्वीस झाले होते.

"एवढ्या लवकर कसं झालं आज?" बायकोने विचारलं.

"नोंदीसाठी लवकर सोडलं."

बायकोचा चमचा थांबला. "मग नोंद संपली?"

"संप..." काटेसाहेब अडखळले. नोंद संपली नव्हती. एक नोंद म्हणजे अफवा, हे त्यांनी स्वतः प्रत्येक नव्या माणसाला बजावलं होतं. "दहा घ्याव्या लागतात."

"आणि दहा जुळल्या नाहीत तर?"

"पुन्हा दहा," मावशी म्हणाल्या. तोंडात घास होता.

"कांदा रोज सारखा असतो का हो?" बायकोने विचारलं.

"नाही," काटेसाहेब म्हणाले. दोन कांदे सारखे नसतात याचा त्यांना जन्मात पहिल्यांदाच आनंद झाला.

त्याला आता चार महिने होत आले. सगळ्या नोंदी खऱ्या आहेत. एकातही सेकंदाची लबाडी नाही. पण कधी कोबी जाड निघतो, कधी गाजर लाकडासारखं, कधी शेजारीण हळद मागायला येते. सतरा ते एकवीस, आकडे कुठेही जातात. मोठे साहेब विचारतात, "कुठवर आलं?" काटेसाहेब म्हणतात, "फरक येतोय, साहेब." आणि साहेब मान डोलावतात, कारण फरक येत असताना निर्णय घेऊ नये हेही त्याच निळ्या फाईलमध्ये आहे. पॅकिंगमध्ये लेबलं सहा सेकंद दाबली जातात.

एकच अडचण होती. अर्जात 'पत्नीसह' असं लिहिलं होतं. टेबलाला मात्र तिघं असत. मावशी मोकळ्या मनाच्या; त्या जेवताना सुनेविषयी बोलत, गुडघ्याविषयी बोलत. पावणेसात कधी वाजले ते कळत नसे.

शेवटी एका संध्याकाळी बायकोनेच विषय काढला. "मावशी, राग मानू नका. एखाद्या दिवशी नाही आलात तर..."

"न यायला काय झालंय? पण मी नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर हे सहा वीसला."

 मावशी उठल्या. एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हाताने स्टूल उचललं, टेबलापासून दीड पाऊल मागे नेलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"निरीक्षक माणसांत धरायचा नसतो," त्या भिंतीला म्हणाल्या. "जेवा तुम्ही."

दोघं समोरासमोर उरली. घड्याळ टिकटिकत होतं. जे मागितलं होतं ते आता नेमकं पुढ्यात होतं, आणि काटेसाहेबांना बोलायला काही सुचेना. त्यांनी मीठ सरकवलं. बायकोने ते परत सरकवलं.

"काय मग?" ती म्हणाली.

"काही नाही. तुझं?"

"काल खिडकीवर एक माणूस आला होता. विचारतो, मी कोणत्या वॉर्डात आहे?"

"मग?"

"मी नाव शोधलं. तो दाखलच नव्हता. तर म्हणतो, नीट बघा, घरून तर मला इकडेच पाठवलंय."

काटेसाहेब हसले. बायकोही. भिंतीपाशी मावशींची पाठ हलत होती.

"मावशी, तुम्ही ऐकताय," काटेसाहेब म्हणाले.

"मी मोजतेय," पाठ म्हणाली. "पुढे काय झालं त्या माणसाचं?"